घड्याळाचा सातबारा

जमिनीचा व्यवहार करावयाचा तर सातबाराचा उतारा, फेरफाराच्या नोंदी आणि मागील खरेदीखत डोळ्यांखालून घातल्याखेरीज इसाराची रक्कम पुढे करू नये, हे शहाणपण आपल्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे. परंतु तेच आपण जेव्हा काही लाख रुपये मोजून वापरलेले मूल्यवान घड्याळ घ्यावयास निघतो, तेव्हा दस्तऐवजाची चौकशी विसरून केवळ चकाकीवर भाळतो.

गेल्या आठवड्यात एका स्नेह्यांसमवेत मी आमच्या वृद्ध घड्याळजींकडे गेलो होतो. निवड करावयाची होती ती रोलेक्सच्या ‘डेटजस्ट’ जातीच्या दोन घड्याळांतून. दोन्ही पोलाद-सोन्याच्या दुरंगी घडणीची आणि दोन्ही 16013 या क्रमांकाची, ज्यातील अखेरचा 3 हा अंकच पोलाद व पिवळे सोने यांचा संयोग दर्शवितो. मनगटाच्या हालचालीने पूर्ण वर्तुळात फिरून कमानीला पीळ देणारा रोटर या कंपनीने 1931 साली आणला, पोलाद-सोन्याच्या जोडीला ‘रोलेसॉर’ हे नाव 1933 मध्ये नोंदविले, आणि तबकडीवरील खिडकीत तारीख आपोआप बदलणारे डेटजस्ट 1945 मध्ये लोकांपुढे ठेवले. कष्ट पोलादाने सोसावेत व शोभा सोन्याने वाढवावी, अशी ही विभागणी दिसते खरी. पण 18 कॅरट सोने पोलादाहून मऊ असल्यामुळे काळाचा पहिला आघात त्या शोभेवरच होतो, आणि म्हणूनच दुरंगी घड्याळ आपले वय लपवू शकत नाही.

पहिले घड्याळ आरशासारखे लखलखत होते. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून ते माझ्या हाती दिले, तेव्हा दिसले, की काचेभोवतालच्या सोनेरी कड्याच्या पन्हळी, ज्यांच्या कडा धारदार असावयास हव्यात, त्या वारंवारच्या पॉलिशने गोलसर होऊन गेल्या आहेत, आणि तबकडीवरील मिनिटांच्या रेघा पुन्हा रंगविल्यामुळे कुठे जाड, कुठे तिरप्या उमटल्या आहेत. दुसरे मळकट होते, त्याचा पट्टा सैल पडून लोंबत होता. पण मागचे झाकण उघडताच आतल्या बाजूस सुईच्या टोकाने कोरलेल्या तीन बारीक नोंदी दिसल्या, तीन वेळच्या दुरुस्तीच्या तारखा आणि त्या त्या कारागिराची आद्याक्षरे. हाच त्या घड्याळाचा फेरफार! ज्या यंत्राचे चक्र तासाला 28,800, म्हणजे दिवसाकाठी 6,91,200 ठोके देते, त्याला वेळच्या वेळी तेल मिळाले की नाही, हे बाहेरची झळाळी सांगू शकत नाही. त्या तीन ओरखड्यांनी ते सांगितले.

या बाबतीत आपल्या मुंबई शहराकडे काही दोष येतो, हे खेदाने नमूद केले पाहिजे. जुन्या स्विस आणि एचएमटी घड्याळांच्या तबकड्या भडक रंगांत पुन्हा छापून ती अस्सल म्हणून विकण्याचा प्रकार इतका बोकाळला, की परदेशांतील संग्राहकांत अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ हेच नाव पडले. ज्या शहरात फाव्र-ल्युबासारख्या स्विस पेढीचा व्यापार एकोणिसाव्या शतकापासून चालत आला, त्याचे नाव बनावट तबकडीला चिकटावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आणि तिचे मूळ रंगविणाऱ्याइतकेच, जुन्या वस्तूने नवे दिसावे असा हट्ट धरणाऱ्या ग्राहकातही आहे.

झीज हा दोष नव्हे, खोटेपणा हा दोष आहे. पॉलिशच्या चाकाने खरवडलेले सोने पुन्हा चढत नाही आणि पुसलेली मूळ तबकडी परत येत नाही. उलट सैल पट्टा सांधता येतो, वाळलेले तेल बदलता येते. तेव्हा वाचकांस माझी कळकळीची विनंती आहे, की वापरलेले घड्याळ घेताना विकणाऱ्याला आपल्यादेखत झाकण उघडावयास सांगावे, तो टाळाटाळ करील तर पैसे खिशातच ठेवावेत. आणि वडिलांचे घड्याळ घरात असेल, तर ते चकचकीत करण्याच्या मोहात न पडता त्याच्या दुरुस्तीची प्रत्येक पावती त्याच्याच डबीत जपून ठेवावी.