जो पहिला, त्याला खिडकी? – विमानातली पळापळ आणि आपल्या वर्गातल्या जागा



"जो पहिला येईल त्याला हवी ती जागा." ऐकायला किती सरळ नियम आहे! ना वशिला, ना ओळखपाळख. आपण सगळे एसटी स्टँडवर याच नियमाने वाढलो. गाडी फलाटाला लागायच्या आधीच तिच्यामागे पळायचं, खिडकीतून रुमाल, टोपी नाहीतर पिशवी आत टाकायची, आणि मग सावकाश दारातून चढून म्हणायचं, "ही जागा आमची आहे हो!" विमानाने जाणारी माणसं असं काही करत नसतील, अशी आपली समजूत असते. पण काही स्वस्त विमान कंपन्यांनी कितीतरी वर्षं हाच एसटीचा नियम चालवला. तिकीट मिळायचं, पण तिकिटावर जागेचा नंबर नसायचा. आत शिराल तिथे बसा! आणि तिथेही रुमाल पडलेच.

आता प्राथमिक शिक्षिकेने विमानाबद्दल कशाला बोलावं, असं वाटेल. पण सकाळची घंटा झाली की आपल्या वर्गाच्या दारात काय होतं ते आठवा. फळ्यासमोरची जागा, पंख्याखालची जागा, मैत्रिणीशेजारची जागा. दप्तरं आधी उडतात, मुलं मागून येतात. माझं मत सुरुवातीलाच सांगते. 'जो पहिला त्याला पाहिजे ते' हा नियम दिसतो समान, पण तो समान नसतो. मुलांना तो न्याय म्हणून शिकवू नये.

एक रुपयाचं तिकीट आणि कॉमन मॅन

आपल्या देशातलं उदाहरण आधी घेऊ. २००३ मध्ये सैन्यातून निवृत्त झालेले कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन ही स्वस्त विमान कंपनी सुरू केली. एक रुपयाच्या तिकिटाची योजना त्यांचीच. कंपनीचं बोधचिन्ह कोण होतं माहीत आहे? आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन'! चौकड्यांचा कोट घातलेला तो सामान्य माणूस विमानात बसला, ही फार मोठी गोष्ट होती. ज्यांच्या घरात त्याआधी कुणी विमानतळाची पायरी चढलं नव्हतं, अशी माणसं विमानाने गेली. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण या विमानात जागा ठरलेल्या नसायच्या. मग गेट उघडलं की माणसं झपाझप चालायला लागायची, आणि एकाने पाय उचलला की बाकीचेही पळायचे. लहान मूल कडेवर असलेली आई, काठी टेकणारे आजोबा मागे राहायचे. सगळ्यांच्या हातात तिकीट होतं, सगळ्यांना जागा मिळणारच होती. मग पळायचं कशाला? कारण जागा सगळ्यांना पुरत होत्या, पण खिडक्या पुरत नव्हत्या. एकमेकांशेजारच्या दोन-तीन जागा पुरत नव्हत्या. डोक्यावरच्या कप्प्यात बॅग ठेवायला जागा पुरत नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे वर्गात तो पुन्हा लागणार आहे.

कंपन्या असं का करतात?

यामागे हिशेब आहे. विमान जमिनीवर उभं असताना पैसे मिळवत नाही, उडताना मिळवतं. म्हणून लोक लवकर चढले पाहिजेत. अमेरिकेत टेक्सास राज्यात १९७१ मध्ये साउथवेस्ट ही कंपनी सुरू झाली. पुढच्याच वर्षी पैशांची ओढाताण झाली आणि तिला चारपैकी एक विमान विकावं लागलं. चार विमानांचं वेळापत्रक तीन विमानांत बसवायचं म्हणून त्यांनी ठरवलं, की विमान उतरल्यापासून दहा मिनिटांत पुन्हा निघालं पाहिजे. अशा घाईत 'बसा कुठेही' हा नियम सोयीचा होता. स्वतःची जागा शोधत कुणी नंबर वाचत उभं राहत नाही.

पुढे त्यांनी यात थोडी शिस्त आणली. प्रवाशांचे ए, बी, सी असे गट केले आणि २००७ पासून रांगेतला क्रमांकही दिला. पण क्रमांक मिळायचा कसा? उड्डाणाच्या चोवीस तास आधी चेक-इन सुरू होई, आणि जो आधी करील त्याचा नंबर आधी. म्हणजे पळापळ संपली नाही, ती गेटवरून मोबाइलवर गेली. लोक गजर लावून बसायचे. मग जादा पैसे घेऊन आधीचा क्रमांक द्यायची सोय निघाली. शेवटच्या सी गटातल्या माणसाला बहुधा दोन अनोळखी माणसांच्या मधली जागा मिळायची. पुढे गेलेला माणूस शेजारच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवून म्हणायचा, "माझी बायको मागून येतेय." हे चालतं का? कंपनीचा याबद्दल 'करा' असाही नियम नव्हता आणि 'करू नका' असाही नव्हता. नियम नसला की काय होतं? जो मोठ्याने बोलतो त्याचं चालतं, आणि गरीब स्वभावाचा माणूस मागच्या रांगेकडे निघून जातो.

अखेर जुलै २०२४ मध्ये या कंपनीने ठरलेल्या जागा देण्याचा निर्णय जाहीर केला, आणि जानेवारी २०२६ च्या अखेरीस पन्नासहून अधिक वर्षांची पद्धत बंद झाली. आपल्या ग्राहकांपैकी ८० टक्के लोकांना ठरलेली जागा हवी आहे, असं कंपनीनेच सांगितलं होतं. युरोपातल्या ईझीजेटने २०१२ मध्ये आणि रायनएअरने २०१४ मध्ये हाच रस्ता धरला होता.

सगळ्यात वेगवान, तरी सगळ्यात नावडती

आता खरी गंमत. जेसन स्टेफन नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला प्रश्न पडला, की विमानात चढायला इतका वेळ का लागतो? त्याने गणित मांडलं, आणि पुढे ७२ प्रवासी बसवून प्रत्यक्ष प्रयोगही केला. मागच्या ओळींचा गट आधी, मग त्याच्या पुढचा गट, ही आपल्याला शहाणपणाची वाटणारी पद्धत सगळ्यात हळू निघाली. तिला जवळजवळ सात मिनिटं लागली. कुठल्याही क्रमाने माणसं सोडली तर पावणेपाच मिनिटं. आणि स्टेफनच्या पद्धतीने साडेतीन मिनिटांच्या थोडं वर. कारण अगदी साधं आहे. वाट अडते ती वरच्या कप्प्यात बॅग ठेवणाऱ्या माणसामुळे. एकाच ठिकाणी सगळे बॅगा ठेवायला लागले तर बाकीची वाट रिकामी राहते आणि रांग खोळंबते. वेगवेगळ्या ओळींत एकाच वेळी बॅगा ठेवल्या गेल्या तर काम पटपट होतं.

२०१४ मध्ये 'मिथबस्टर्स' या टीव्ही कार्यक्रमानेही असाच प्रयोग केला. मागून पुढे पद्धतीला साडेचोवीस मिनिटं लागली. 'बसा कुठेही' पद्धतीला फक्त चौदा. म्हणजे तीच पहिली आली! पण त्यांनी प्रवाशांना पद्धत कितपत आवडली तेही विचारून गुण दिले होते. या पहिल्या आलेल्या पद्धतीचे गुण शून्याच्याही खाली गेले. खिडकीवाले आधी, मग मधले, मग वाटेकडचे, या पद्धतीला पंधरा मिनिटं लागली आणि लोक खूश होते.

एका मिनिटाचा फरक. त्या एका मिनिटासाठी सगळ्यांनी एकमेकांना कोपर मारायचं का, हा प्रश्न आहे. आपणही शाळेत 'लवकर उरका' म्हणून किती वेळा असंच एक मिनिट वाचवतो, याचा विचार करायला हरकत नाही.

उशिरा येणारी मुलगी

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी रोज घंटेच्या टोकाला पोचते. आळशी नाही. धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून, त्याची चप्पल जागेवर ठेवून मग ती येते. वर्गात 'पहिला येईल तो पुढे' असं असतं, तर ती वर्षभर शेवटच्या बस्करपट्टीवर बसली असती. त्याच वर्गात शाळेच्या भिंतीला लागून घर असलेला मुलगा रोज पहिला येतो. त्याच्या पहिलेपणात त्याची मेहनत किती आणि घराचं अंतर किती? नियम दोघांना एकच होता, पण दोघांची सकाळ एक नव्हती.

काही पालक म्हणतात, "बाई, जग ही शर्यतच आहे. आत्तापासून सवय नको का?" मला हे म्हणणं समजतं. धावायची, धडपडायची सवय हवीच. पण शर्यतीत सगळे एका रेषेवर उभे असतात, शिट्टी एकदम वाजते. वर्गाच्या दारातल्या चेंगराचेंगरीत ना रेषा असते ना शिट्टी. त्यातून मूल धावायला शिकत नाही, ढकलायला शिकतं. आणि जे मूल ढकलू शकत नाही ते 'आपल्याला मागेच बसायचं असतं' एवढंच शिकतं. हे दुसरं शिक्षण मला जास्त भयंकर वाटतं, कारण ते गुपचूप होतं. तक्रार कुणीच करत नाही.

म्हणून माझ्या वर्गात जागा दर सोमवारी एक ओळ पुढे सरकतात. पुढची ओळ मागे जाते. ज्याला फळा नीट दिसत नाही, ऐकू कमी येतं, त्याची जागा मात्र पुढेच पक्की. हे मुलांना आधी सांगितलेलं आहे, त्यामुळे कुणी कुरकुरत नाही. आणि सगळीकडेच जागा ठरवायची असंही नाही. वाचन कोपऱ्यात, मैदानावर, चित्रकलेच्या तासाला मुलांनी हवं तिथे बसावं. जिथे सगळ्या जागा सारख्याच, तिथे मोकळीक द्यावी. जिथे खिडकी एक आणि डोकी तीस, तिथे पाळी लावावी. शाळेतला एकुलता एक टॅब असो की पहिला बाक, नियम हाच.

पैशाचा धक्का

ठरलेली जागा आली म्हणजे सगळं छान झालं, असंही नाही. आता विमानात चांगल्या जागेला जादा पैसे मोजावे लागतात. पूर्वी पायाने पुढे जात होते, आता खिशाने जातात. ज्याने पैसे भरले नाहीत त्याची आई एका ओळीत आणि मूल भलत्याच ओळीत, असंही व्हायचं. एप्रिल २०२४ मध्ये आपल्या देशाच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना सांगितलं, की एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडील किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्या. पालकांनी हे जरूर लक्षात ठेवावं. यात शिकण्यासारखं हे, की जागा ठरवून देणं पुरेसं नाही. ती कशावरून ठरवली हे महत्त्वाचं. वर्गात हुशारीवरून जागा ठरवली, किंवा सरपंचांचा मुलगा म्हणून ठरवली, तर तोही एक धक्काच की!

वर्गात करून बघा

हा प्रयोग एका तासात होतो. सहा ओळी, प्रत्येक ओळीत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या. चोवीस मुलं, प्रत्येकाकडे दप्तर. दप्तर खुर्चीखाली नीट ठेवून बसल्यावरच 'बसलो' असं धरायचं. तीन फेऱ्या करा.

१. कुठेही बसा.
२. चिठ्ठीवर जागा, आणि मागच्या ओळी आधी.
३. चिठ्ठीवर जागा, आणि कडेचे सगळे आधी, मग वाटेजवळचे.

मोबाइलवर वेळ मोजा. प्रत्येक फेरीनंतर 'आवडलं' आणि 'नाही आवडलं' असे हात मोजून चित्रालेख काढा. वेळ, क्रमांक, आलेख असं गणित झालं, आणि परिसर अभ्यासातलं सहजीवनही झालं. शेवटी एकच प्रश्न विचारा : कोणाला कुठल्या फेरीत काय मिळालं नाही? उत्तरं घाईने पुरी करू नका. पहिल्या फेरीनंतर सहसा न बोलणारी मुलं इथे बोलतात, असा माझा अनुभव आहे. आमच्याकडे एक मुलगा म्हणाला, "बाई, मला खिडकी नको होती, पण ढकलत होते म्हणून मीपण ढकललं." मोठ्यांच्या गर्दीचं याहून चांगलं वर्णन मी तरी ऐकलेलं नाही.

पालकांना एक विनंती. "आमच्या मुलाला पहिल्या बाकावर बसवा" असं सांगायला याल तेव्हा दोन मिनिटं शेवटच्या ओळीत बसून फळा वाचून बघा. तिथून अक्षर दिसत नसेल तर तसं मला जरूर सांगा. मग आपण दोघं मिळून फळ्यावरचं अक्षर मोठं करू, खिडकीचा उजेड नीट करू, आणि जागाही फिरवत राहू. कारण त्या ओळीत आज दुसऱ्या कुणाचं मूल असलं, तरी एखाद्या सोमवारी तिथे तुमचंही मूल बसणार आहे.