प्रवास आपला, मग लेखणी परक्याची का?

आंबेडकरी समाज फिरत नाही, असे कोणी म्हणू नये. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड, अशोक विजयादशमीला नागपूर, ६ डिसेंबरला दादर. वर्षभर आपली माणसे वाटेवर असतात. फडक्यात भाकरी-चटणी, एक चादर आणि परतताना पिशवीत पुस्तके. एवढा प्रवास करणारा समाज प्रवासाविषयी लिहितो किती? जवळजवळ नाहीच. आपण लिहीत नाही, म्हणून दुसरे लिहितात. गाड्यांना गर्दी झाली, आरक्षित डब्यात लोक घुसले, रस्ते तुंबले, एवढ्यावरच अनेक वर्षे या तथाकथित मोठ्या वृत्तपत्रांचे ६ डिसेंबर उरकत आले आहे.

माझी आई पंचवीस वर्षे मराठवाड्यातून दादरला गेली. निघायच्या दिवशी दुपारपासून ती पाणी पीत नसे. का, ते लहानपणी कळले नाही. डब्यात इतकी माणसे, की संडासातही माणसे उभी. बाईने जायचे कुठे? शिवाय उठले की जागा गेली. म्हणून रात्रभर घसा कोरडा ठेवून या बाया बाबासाहेबांना अभिवादन करायला जात होत्या. हे चळवळीच्या इतिहासाचे पान नाही काय? पण ते कुठेही छापलेले नाही. आई गेली, तिच्याबरोबर ते पानही गेले. मी शिकलो, लेख लिहू लागलो. पण तिला समोर बसवून कधी विचारले नाही. हा दोष रेल्वेचा नाही, मनुवाद्यांचाही नाही. माझा आहे.

बाबासाहेबांनी मात्र हे केले होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हा त्यांचा आठवणींचा छोटा मजकूर १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिका म्हणून काढला. त्यातील बाबासाहेबांचे स्वतःचे बहुतेक अनुभव वाटेवरचे किंवा मुक्कामाचे आहेत. १९०१ साली नऊ वर्षांचा भीमराव भावंडांसह नवे कपडे घालून वडिलांना भेटायला निघतो. मसूर स्टेशनवर जात कळताच मास्तरचा चेहरा बदलतो. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार नाही. पोरांनीच गाडी हाकायची, हा बाजूने चालणार. डब्यात जेवण आहे, पण वाटेत प्यायला पाणी मिळत नाही. पुढे परदेशी शिकून आल्यावर बडोद्यात मुक्कामाला जागा नाही. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाले नकार देतात, सवय नसलेला माणूस टांगा हाकतो, टांगा उलटतो आणि बाबासाहेबांचा पाय मोडतो. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर टाक्याच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून जमाव अंगावर येतो.

हा मजकूर लिहिताना त्यांनी काय केले ते पाहा. छाती पिटली नाही. स्टेशन कोणते, भाडे किती, कोण काय बोलले, पाणी कुठे मागितले आणि कुठे नाकारले, हे सरळ सांगितले. अस्पृश्यता आहे हे परदेशी माणसाला ऐकून माहीत असते, पण ती रोज कशी पाळली जाते हे त्याला कळत नाही, म्हणून त्यांनी प्रसंग मांडले. प्रवासाचा तपशील हा पुरावा होतो, हे त्या बॅरिस्टराला पक्के ठाऊक होते.

आता माझा पुरावा देतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आठजण बोधगयेला निघालो होतो. वाटेत एका गावी मुक्कामासाठी धर्मशाळेत गेलो. खोल्या आहेत म्हणाले. वहीत नावे लिहिताना आडनावाशी पेन थांबले. मग ‘आत जाऊन बघतो’ झाले आणि बाहेर येऊन खोल्या भरल्याचे सांगितले. आमच्यातल्या एका उपासिकेने विचारले, ‘दादा, आपण नाव खोटं सांगायला हवं होतं का?’ मी गप्प बसलो. शेवटी एका रिक्षावाल्याने आम्हाला आपल्या घरी नेले. तो आपल्यासारखाच शोषित समाजातला. त्याच्या अंगणात आम्ही झोपलो.

परत आल्यावर मी त्या यात्रेवर लेख लिहिला. त्यात महाविहार होता, बोधिवृक्ष होता, मनाला लाभलेली शांती होती. धर्मशाळा नव्हती. रिक्षावालाही नव्हता. का गाळले? लाज वाटली. शिकून, नोकरी करून, इस्त्रीचे कपडे घालूनही दारातून परत यावे लागले, हे चारचौघांत कसे सांगायचे? पण लाज कोणाला वाटायला हवी होती? दार लावणाऱ्याची लाज आपण आपल्या अंगावर घेतो आणि तो मोकळा सुटतो.

मराठीत प्रवासवर्णने थोडी नाहीत. ती रंजक आहेत, मीही वाचतो. परंतु त्यातल्या बहुतेक प्रवाशांना आडनावामुळे खोली नाकारली जात नाही. त्यांची अडचण सामान हरवले, भाषा कळली नाही, इथवरच. आपल्याकडे अण्णा भाऊ साठे झाले. वाटेगावातून लहानपणी पायी मुंबईला आलेला हा माणूस १९६१ साली रशियाला गेला आणि त्याने ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. ती वाट पुढे किती जणांनी चालवली?

लिहिल्याने काय होते, असे कोणी विचारील. तथागत ४५ वर्षे पायी फिरले, पण ते कुठे राहिले हे या देशाने पुसून टाकले होते. पाचव्या शतकात फाहियान आणि सातव्या शतकात ह्युएनत्सांग हे चिनी भिक्खू आले. त्यांनी अंतरे लिहिली, दिशा लिहिल्या, विहारात किती भिक्खू ते लिहिले. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅमने त्यांचीच वर्णने हाती धरून श्रावस्ती शोधली, नालंदाची ओळख पटवली. दोन प्रवाशांच्या वहीने पुसलेला इतिहास जमिनीतून वर काढला.

म्हणून यापुढे ‘दर्शन झाले, धन्य झालो’ एवढे लिहून आणि मोबाईलवर फोटो पाठवून थांबू नका. गाडी कोणती, भाडे किती, बायांची सोय काय होती, पाणी कोणी दिले, नाव कोणी विचारले, दार कोणी लावले आणि कोणी उघडले, हे तारखेसह लिहा. शुद्धलेखनाची चिंता नको. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याकडून विहारातल्या पोरांनी लिहून घ्यावे. येत्या ६ डिसेंबरला एक वही सोबत घ्या, आणि निघण्यापूर्वी घरातल्या म्हातारीला विचारा, ‘तू पहिल्यांदा दादरला कशी गेली होतीस?’ मला आता कोणाला विचारता येत नाही. तुम्हाला अजून येते.