रोज्यात शुगर तपासली तर?

रमजान जवळ आला की मधुमेह असलेल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: बोटाला सुई टोचून शुगर तपासली तर रोजा मोडतो का? या शंकेपोटी शुगरची मशीन महिनाभर कपाटात जाऊन बसते. तिची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच महिन्यात.

उत्तर सरळ आहे. तपासणीसाठी काढलेल्या थेंबभर रक्ताने रोजा मोडत नाही, असे उलेमा सांगतात. तरी मनात किंतु असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारा. पण रमजान लागण्याआधी विचारा.

तपासण्यापूर्वी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. इफ्तारसाठी फळे चिरलेल्या किंवा खजुराच्या बिया काढलेल्या हातावर गोडवा राहतो आणि आकडा खोटाच वाढलेला दिसतो. सुई बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, तिथे दुखते कमी. रक्त यावे म्हणून बोट जोरात पिळू नका. स्ट्रिपची मुदत पाहा, डबीचे झाकण लगेच लावा. एकाची सुई दुसऱ्याला कधीही वापरू नका, मग ते नवरा-बायको का असेनात. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमा करा.

सेहरीआधी, सकाळी, दुपारी, असरच्या सुमारास, इफ्तारच्या जरा आधी आणि इफ्तारनंतर दोन तासांनी, या तपासण्याच्या वेळा. कोणी किती वेळा तपासायचे हे डॉक्टर ठरवतील. मात्र घाम फुटला, हात थरथरले, धडधड झाली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घड्याळ न बघता लगेच तपासा.

दोन आकडे घरात सर्वांना पाठ हवेत: ७० आणि ३००. शुगर ७० च्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडायचा. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखाना गाठा. शुगर ३०० च्या वर गेली तरीही रोजा सोडायचा, साधे पाणी प्यायचे आणि डॉक्टरांना फोन करायचा.

खरी अडचण पुढेच आहे. इफ्तारला अर्धा तास उरलेला असतो, मशीन ६२ दाखवते आणि अम्मी म्हणते, "आता एवढ्यासाठी कशाला सोडू?" या अर्ध्या तासात शुगर आणखी घसरू शकते, शुद्ध हरपू शकते. आजारी माणसाला रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. अल्लाहने दिलेली सवलत घेणे म्हणजे ईमान कमी असणे नव्हे. हे अम्मीला घरच्यांनी प्रेमाने सांगायला हवे. दस्तरखानावर सगळे बसले असताना "तुझा रोजा नाही का?" असे कोणी विचारू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. या प्रश्नाच्या धास्तीनेच अनेक बायका चक्कर लपवतात.

सातवी-आठवीतल्या मुलाकडे एक वही द्या. तारीख, वेळ, आकडा आणि त्याआधी काय खाल्ले, असे चार रकाने. आजीची शुगर लिहिणारे मूल गणितही शिकते आणि खिदमतही. शिवाय डॉक्टरांपुढे वही ठेवली की "बरी होती शुगर" असे मोघम बोलावे लागत नाही.

शेवटची गोष्ट रमजानच्या आधीची. इन्सुलिन आणि काही गोळ्यांनी उपाशीपोटी शुगर झपाट्याने उतरते. म्हणून सहा ते आठ आठवडे आधी, म्हणजे रजब महिन्यातच डॉक्टरांना भेटा. रोजे ठेवता येतील का, औषधाची मात्रा आणि वेळ कशी बदलायची, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. आणि मशीन कपाटात नको, दस्तरखानाजवळ हाताशी राहू द्या.