कंबरदुखी, पालकत्व आणि चाळीस टक्क्यांची रेषा

जुनाट कंबरदुखीमुळे काम सुटलेल्या आणि घरी लहान मुले असलेल्या आई-वडिलांना अपंगत्वाच्या योजनांतून सहाय्य मिळू शकते का, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर कायदा, वैद्यकीय मोजमाप आणि सरकारी तरतूद या तिन्हींच्या सांध्यावर अडकलेले आहे. कायद्याची व्याख्या उदार आहे, मोजमाप कठोर आहे आणि रक्कम तुटपुंजी आहे. या तिन्हींमध्ये पालक म्हणून त्या व्यक्तीवर असलेल्या जबाबदारीचा विचार जवळपास कोठेही होत नाही.

प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखीचा त्रास होता आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४.३ कोटींवर जाण्याचा अंदाज आहे. अपंगत्वास कारणीभूत ठरणाऱ्या विकारांत कंबरदुखीचा क्रमांक जगात पहिला लागतो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या दुखण्यास जुनाट मानले जाते. यातील महत्त्वाची बाब अशी की, सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये दुखण्याचे निश्चित शारीरिक कारण दाखवता येत नाही. क्ष-किरण तपासणीत मणके जागेवर दिसतात, मात्र रुग्णाला अर्धा तास बसवत नाही. सहाय्याचा मार्ग येथेच अडतो.

व्याख्या आणि टक्केवारी

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला २००७ मध्ये मान्यता दिली. त्याला अनुसरून संमत झालेला दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा एप्रिल २०१७ पासून अमलात आला. दीर्घकालीन शारीरिक किंवा मानसिक व्यंग आणि समाजातील अडथळे यांच्यामुळे ज्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नाही ती दिव्यांग, अशी या कायद्याची व्याख्या आहे. या व्याख्येत जुनाट कंबरदुखीने ग्रासलेली व्यक्ती सहज बसू शकते. कायद्याच्या परिशिष्टात मात्र दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत आणि त्यांत कंबरदुखीचे नाव नाही. अशा रुग्णाला चलनविषयक दिव्यांगत्व या सदराखालीच अर्ज करावा लागतो.

आरक्षण आणि बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. ही टक्केवारी वैद्यकीय मंडळ केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठरवते. मणक्याच्या बाबतीत मणका किती दबला आहे, पाठीला किती अंशांचा बाक आला आहे, मज्जातंतूंना इजा झाली आहे काय, या गोष्टींना महत्त्व असते. वेदनेची दखल घेतली जाते, पण मज्जातंतूंची हानी नसेल तर केवळ वेदनेपोटी मिळणारी टक्केवारी बहुधा चाळीसच्या आतच राहते.

२०२४ मध्ये नियमांत झालेल्या दुरुस्तीनंतर दिव्यांग ओळखपत्रांना रंग देण्यात आले. ४० टक्क्यांहून कमी असल्यास पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळे आणि ८० टक्के व त्यापुढे निळे. कंबरदुखीच्या अनेक अर्जदारांच्या वाट्याला पांढरे ओळखपत्र येण्याची शक्यता अधिक आहे. दिव्यांगत्व मान्य, परंतु मोठ्या लाभांपासून दूर, असा त्याचा अर्थ होतो.

रक्कम किती, कोणाला?

इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि तब्बल ८० टक्के दिव्यांगत्व, अशा दोन्ही अटी आहेत. केंद्राचा वाटा २०१२ मध्ये दरमहा ३०० रुपये झाला आणि त्यानंतर दशकभराहून अधिक काळ तो तेथेच राहिला. कंबरदुखीच्या रुग्णाने ८० टक्क्यांची अट पूर्ण करणे जवळपास अशक्यच म्हणावे लागेल.

उरलेला भार राज्यांवर पडतो आणि तेथे मोठी तफावत दिसते. आंध्र प्रदेशाने जुलै २०२४ पासून दिव्यांगांचे निवृत्तिवेतन ३,००० वरून ६,००० रुपये केले. बिहारने जुलै २०२५ पासून ४०० रुपयांचे १,१०० रुपये केले. महाराष्ट्राने संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपयांवर नेली. एकच दुखणे असलेल्या दोन व्यक्तींना केवळ राज्याची सीमा बदलल्याने वेगळे सहाय्य मिळते.

संघटित क्षेत्रातील कामगारांची स्थिती तुलनेने बरी आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत दीर्घ आजारांची जी यादी आहे तीत मणक्यांमधील चकती सरकण्याचा समावेश आहे आणि पात्र कामगाराला वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. मात्र वीटभट्टीवर, बांधकामावर किंवा शेतात ओझी वाहून ज्यांची कंबर निकामी होते, त्यांतील बहुतेक जण या छत्राबाहेरच आहेत.

पालकत्वाची नोंद कोठे?

आई-वडिलांच्या बाबतीत ही उणीव आणखी ठळक होते. वर्षभराच्या मुलाला दिवसातून अनेकदा उचलावे लागते, कडेवर घ्यावे लागते, वाकून आंघोळ घालावी लागते. कंबर धरलेल्या आईसाठी वा वडिलांसाठी हे काम कारखान्यातील ओझ्याइतकेच अवघड असते. शिवाय त्याला सुटी नसते. मूल्यमापनाच्या तक्त्यांत मात्र मुलांच्या संगोपनाला गुण नाहीत.

कायद्याने हा विषय पूर्णपणे टाळलेला नाही. २०१६ च्या अधिनियमातील कलम २४ मध्ये दिव्यांग महिलांना उपजीविकेसाठी आणि मुलांच्या संगोपनासाठी सहाय्य देणाऱ्या योजना आखाव्यात, असे स्पष्ट नमूद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या कराराचे कलम २३ तर दिव्यांग माता आणि पिता या दोघांनाही संगोपनात मदत देण्याचे बंधन सरकारांवर घालते. प्रत्यक्षात केंद्र सरकारच्या सेवेतील किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या महिला कर्मचाऱ्यांना मूल दोन वर्षांचे होईपर्यंत विशेष भत्ता मिळतो. २०१७ मध्ये तो दरमहा ३,००० रुपये होता, २०२४ पासून तो ३,७५० रुपये झाला. हा भत्ता पित्याला नाही, खासगी नोकरीतील आईला नाही आणि मजूर स्त्रीला तर नाहीच.

अन्य देशांत हा प्रश्न सुटला आहे, असेही नाही. ब्रिटनमध्ये २०१३ पासून लागू असलेल्या वैयक्तिक स्वावलंबन सहाय्य योजनेत रोगाचे नाव नव्हे, तर स्वयंपाक, स्नान, कपडे घालणे, चालणे अशा १२ कृती व्यक्तीला सुरक्षितपणे आणि पुन्हा पुन्हा करता येतात काय, हे पाहून गुण दिले जातात. त्यामुळे तेथे कंबरदुखीच्या रुग्णाला दाद मिळू शकते. तथापि त्या १२ कृतींतही मुलाचा सांभाळ नाही. शिवाय २०२५ मध्ये तेथील सरकारने निकष कडक करण्याचा प्रस्ताव आणला. दैनंदिन कामांपैकी निदान एका कृतीत चार गुण मिळवण्याची त्यातील अट कंबरदुखीसारख्या विकारांच्या अर्जदारांना जड गेली असती. स्वपक्षीय खासदारांच्या विरोधामुळे जुलैमध्ये तो भाग मागे घ्यावा लागला.

भारतासाठी यातून घेण्यासारखा धडा मोजपट्टीचा आहे. हाडांच्या रचनेबरोबरच दैनंदिन क्षमतेचेही मोजमाप झाले आणि त्यात मुलांच्या संगोपनाची नोंद घेतली गेली, तर कायद्याची व्याख्या आणि प्रमाणपत्रावरील आकडा यांतील अंतर कमी होऊ शकेल. कलम २४ मधील संगोपनाच्या तरतुदीखाली राज्यांनी योजना आखणे हे दुसरे पाऊल ठरेल. त्यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही.

तोपर्यंत अर्जदारापुढील मार्ग मर्यादित आहेत. उपचारांची सलग कागदपत्रे जपणे, कोणती कामे होत नाहीत याची डॉक्टरांकडून लेखी नोंद घेणे आणि टक्केवारी अन्यायकारक वाटल्यास कायद्याच्या कलम ५९ नुसार अपील करणे, एवढे त्याच्या हाती आहे. दुखणे सिद्ध करण्यासाठी कार्यालयांच्या पायऱ्या चढण्याची वेळ मात्र ज्याला पायऱ्या चढवत नाहीत, त्याच्यावरच येते. त्या काळात घरातील मुलाला कोणी उचलायचे, या प्रश्नाचे उत्तर आजही शेजारी आणि नातेवाईक यांच्यावरच सोडलेले आहे.