वर्गणी देणारं गाव घरपट्टी का थकवतं?

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. हंगामात इथं मोठी उलाढाल होते. पण हातात पैसा खेळणाऱ्या गावांतही ग्रामपंचायतीचा शिपाई घरपट्टी मागायला आला की ‘मार्चात बघू’ हेच उत्तर मराठवाडाभर ऐकू येतं.

लोक चिकट आहेत म्हणून हे होतं, असं मला मुळीच वाटत नाही. हीच माणसं हरिनाम सप्ताहाला न मागता धान्याचं पोतं आणून टाकतात. देणाऱ्याचं नाव, रक्कम भोंग्यावरून वाचली जाते आणि पैसा कुठं गेला ते पंगतीत दिसतं. घरपट्टी भरली की हातात पावती येते, पुढचं काही कळत नाही.

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२४ नं ग्रामपंचायतीला कर बसवण्याचा अधिकार दिला. १९९३ पासून लागू झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं स्वशासनाची ग्वाही दिली. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातल्या पंचायतींच्या महसुलात स्वतःच्या करांचा वाटा जेमतेम एक टक्का. सुमारे ९५ टक्के पैसा अनुदानाचा. त्यात पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला. रस्ता आमदारांनी दिला, नळ योजनेनं आला, मग घरपट्टी कशाची, असं गावकऱ्याला वाटलं तर नवल नाही. पण कर नाही म्हणून गावाच्या हाती निर्णय नाही, आणि निर्णय नाही म्हणून कर नाही. ही गाठ आधी पंचायतीनं सोडवायला हवी.

शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पाटोद्याला ती सुटली. सरपंच भास्करराव पेरे पाटलांच्या कारभारात पूर्ण कर भरणाऱ्या घराला दळण मोफत मिळू लागलं. कुणी याला आमिष म्हणतं. मला ते पटत नाही. कराचं काय झालं, हे तिथल्या बाईला पिठाच्या डब्यात दिसत होतं. शिवाय गिरणी चालवायची हे गावानं ठरवलं, त्यासाठी मंत्रालयातल्या योजनेची वाट बघावी लागली नाही.

थकबाकीदाराला पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, म्हणून अर्ज भरायच्या आठवड्यात वर्षानुवर्षांची बाकी पटापट भरली जाते. म्हणजे ऐपत होतीच. येत्या ग्रामसभेत नमुना ९ ची, म्हणजे करमागणीची नोंदवही मोठ्यानं वाचावी: मागणी किती, वसुली किती. सोबत खर्च कशावर झाला तेही सांगावं. सुरुवात सदस्यांच्या आणि मोठ्या व्यापाऱ्यांच्या घरांपासून करावी. हातावर पोट असलेल्याच्या दारात वसुलीला त्यानंतर जावं.