'तुरट' या शब्दाचा कैवार

बेंगळुरूसारख्या महानगरात हल्ली वाइनच्या आस्वादाचे कार्यक्रम होतात, आणि नोकरीच्या निमित्ताने तेथे स्थायिक झालेला मराठी तरुणही त्यांत असतो. त्याच्यासमोर पोर्तुगालमधील चार-पाच वाइन्सचे पेले मांडलेले असतात. विन्यो व्हेर्द, दोरू, मदेरा ही नावे तो प्रथमच ऐकत असतो. निवेदक इंग्रजीत सांगत जातो, की हिच्यात ब्लॅकबेरी आहे, हिच्यात सीडरचे लाकूड आहे. तरुण मान डोलावतो. ब्लॅकबेरी त्याने कधी खाल्लेली नसते आणि सीडर कधी हुंगलेला नसतो. दोरूच्या लाल वाइनने त्याची जीभ मात्र जांभळे खाल्ल्यावर आखडावी तशी आखडलेली असते. तरीही 'जांभूळ' हा शब्द तो उच्चारीत नाही. तो उच्चारला तर आपण अडाणी ठरू, अशी त्याची समजूत असते. ही समजूत एकट्या त्या तरुणाची नाही. तिच्यामागे एका भाषेने स्वतःच्या अनुभवाविषयी बाळगलेला न्यूनगंड आहे, आणि म्हणूनच तिचा प्रतिवाद करणे अगत्याचे ठरते.

वस्तुतः त्या क्षणी जे घडते त्याचे वर्णन करण्याची सामग्री मराठीजवळ इंग्रजीहून अधिक आहे. लाल वाइनमधील टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून ठेवते आणि तोंड कोरडे पडते. या संवेदनेसाठी इंग्रजीला शास्त्रीय वळणाचा शब्द वापरावा लागतो. मराठी मूल मात्र तिला 'तुरट' म्हणूनच ओळखते. हिरडा, आवळा, सुपारी, जांभूळ यांनी ही शिकवण त्याला शाळेपूर्वीच दिलेली असते. आयुर्वेदाने कषाय हा सहा रसांपैकी एक मानला. ही चव नसून स्पर्श आहे, असे आधुनिक शरीरशास्त्र म्हणते, आणि ते योग्यही असेल. परंतु शास्त्राने तिचा वर्ग बदलला म्हणून जिभेची तिच्याशी असलेली ओळख पुसली जात नाही. याखेरीज आंबूस, कडसर, मातकट, करपट, खमंग, उग्र, सपक, पानचट अशी छटादर्शक शब्दांची रांगच मराठीत उभी आहे. विन्यो व्हेर्द याचा शब्दशः अर्थ 'हिरवी वाइन' असा होतो, पण तेथे हिरवेपणा रंगाचा नसून कोवळेपणाचा आहे. ती पिणाऱ्या मराठी माणसाला कैरी आठवली, तर त्याने चूक केली असे कोणत्या न्यायाने म्हणावे?

मग हे मौन आले कोठून? त्याचे एक कारण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सापडते. मराठीत मद्याचे दोन पेले प्रसिद्ध आहेत. एक राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकातील सुधाकराचा, जो १९१९ साली रंगभूमीवर आला. दुसरा माधव जूलियन यांनी मराठीत आणलेल्या उमर खय्यामच्या रुबायांतील. पहिल्या पेल्यात सर्वनाश आहे, दुसऱ्यात तत्त्वचिंतन आहे. चव दोहोंतही नाही. सुधाकर काय पितो हे प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाही; तो पितो एवढेच राहते. मद्यपानाने उद्ध्वस्त झालेल्या संसारांची संख्या पाहता गडकऱ्यांच्या त्या नैतिक भाषेचे मोल कमी लेखता येणार नाही, आणि वाइनच्या आस्वादाची चर्चा म्हणजे व्यसनाची भलावण, असा आक्षेप कोणी घेतला तर त्यामागील वेदनाही समजण्याजोगी आहे. परंतु निषेधाची भाषा आणि वर्णनाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या वस्तूचे वर्णन करण्यास भाषा नकार देते, ती वस्तू नाहीशी होत नाही. तिचे वर्णन परभाषेकडे जाते, इतकेच.

दुसरे कारण म्हणजे पोर्तुगाल मराठी जिभेला सर्वस्वी परका आहे हा भ्रम. १५१० ते १९६१ या काळात गोव्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. पाव, बटाटा, काजू, अननस, हापूस हे शब्द त्या सहवासाचे साक्षीदार आहेत. एका परकीय नावाच्या आंब्याला ज्या भाषेने आपल्या अभिमानाचा विषय केले, तिला परकीय द्राक्षरसापुढे संकोच का वाटावा? गोव्यात 'पोर्ट' या नावाने विकल्या जाणाऱ्या गोड वाइनची कथा तर याहून बोलकी आहे. तिच्यासाठी वापरले जाणारे 'बंगलोर ब्लू' हे द्राक्ष बेंगळुरू, चिक्कबळ्ळापूर, कोलार या परिसरात पिकते. खरी पोर्ट दोरू नदीच्या खोऱ्यातली. तेथे द्राक्षरस आंबत असतानाच द्राक्षांचेच मद्यार्क घालून किण्वन थांबवतात, म्हणून साखर शिल्लक राहते. त्या प्रदेशाच्या सीमा मार्किस द पोंबाल याच्या कारकिर्दीत १७५६ साली आखल्या गेल्या. मदेरा बेटाच्या वाइनला तिचा गुण उष्ण कटिबंधातून जाणाऱ्या जहाजांच्या तळघरातील उष्णतेने दिला, आणि हिंदुस्थानपर्यंत जाऊन परत आलेल्या पिंपांना विशेष भाव येई. म्हणजे जी चव मराठी तरुणाला दूरदेशीची वाटते, तिच्या घडणीत त्याच्याच समुद्राचा वाटा आहे. तिच्यात त्याला काकवीचा भास झाला तर तो भास अस्थानी नव्हे.

यावर तज्ज्ञांचा युक्तिवाद असा, की सर्वांना समजेल अशी समान परिभाषा नसेल तर चर्चाच अशक्य होईल. युक्तिवाद रास्त आहे, परंतु अपुरा आहे. ब्लॅकबेरी हा शब्द समान नाही. तो एका हवामानातील बालपणाचा शब्द आहे आणि व्यापाराने त्याला सार्वत्रिकतेचा मुलामा दिला आहे. शिवाय ही परिभाषा वाटते तितकी निर्दोषही नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बोर्दो येथील मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन लाल रंग मिसळून ठेवण्यात आली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. जिभेआधी डोळा बोलला आणि शिकलेले शब्द त्याच्या मागून गेले.

भारतीय काव्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. रसास्वाद स्पष्ट करताना आचार्यांनी पानकरसाचा दृष्टान्त दिला. गूळ, मिरी इत्यादी द्रव्ये एकत्र आली की पेयाला जी चव येते, ती त्यांपैकी कोणत्याही एका द्रव्याची नसते. दोरूच्या जुन्या मळ्यांत द्राक्षांच्या अनेक जाती एकत्र लावलेल्या असतात, एकत्रच खुडल्या जातात आणि एकत्रच आंबतात. अशा वाइनपुढे घटकद्रव्यांची यादी वाचणारा निवेदक पानक पिण्याऐवजी किराणा मालाची याद करीत असतो.

म्हणून 'ज्याची त्याची चव' असा सोयीचा निष्कर्ष काढणेही तितकेच चूक आहे. त्याच काव्यशास्त्राने आस्वादाचा अधिकार सहृदयाला दिला, आणि सहृदय म्हणजे अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे असा माणूस. नवशिक्याला हा अभ्यास चुकत नाही. त्याने पुन्हा पुन्हा चाखावे, तुलना करावी, काल ज्याला जांभूळ म्हटले ते आज करवंद वाटत असेल तर शब्द बदलावा. मात्र दुरुस्त करण्यासाठी आधी स्वतःचा शब्द असावा लागतो. उसना शब्द दुरुस्त करता येत नाही, तो फक्त पाठ करता येतो. वाङ्मयाच्या वर्गात हेच रोज घडते. कविता वाचण्यापूर्वीच विद्यार्थ्याच्या हाती संज्ञांची यादी पडते आणि कवितेने त्याला काय केले हे विचारण्याचे कोणालाच सुचत नाही.

सतराव्या शतकात याच बेंगळुरूत शहाजीराजांचा दरबार भरत असे. त्या दरबाराशी निगडित असलेल्या जयराम पिंड्ये यांचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली प्रकाशात आणले. एकाच काव्यात अनेक भाषांना मानाने बसवणारा तो ग्रंथ आहे. परभाषांचा असा निःसंकोच सत्कार करता येतो, कारण त्या पंक्तीत स्वतःच्या भाषेचे पानही मांडलेले असते. त्याच नगरीत आज आस्वादाच्या मेजावर पाच पेले आणि एक मराठी माणूस आहे. त्याने निवेदकाचे म्हणणे आदराने ऐकावे, परके नाव नीट उच्चारावे, घोट जिभेवर घोळवावा आणि जे जाणवले ते म्हणावे. 'तुरट' हा शब्द तेथे पुरेसा आहे, निदान आरंभासाठी.