इच्छा नसणे हा गुन्हा नव्हे



घरात पैशाची चणचण असली तर माणूस चार ठिकाणी बोलतो. मूल होत नसेल तरी उशिराने का होईना, बोलतो. पण नवरा-बायकोपैकी एकाला शरीरसंबंधाची इच्छाच उरली नाही, हे दुःख कोणी कोणाजवळ बोलत नाही. मग ते भलत्याच वाटेने बाहेर पडते. भाजीत मीठ कमी पडले म्हणून भांडण होते, माहेरचा उद्धार होतो, संशय शिरतो, बाटली येते आणि शेवटी घटस्फोटाचा कागद पुढे येतो. वस्तीतले तंटे मिटविताना आम्ही हे पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून आज स्पष्टच लिहीत आहोत.

कुटुंबाच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. त्यांना एक आठवण करून देतो. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. वाचक आपल्या खाजगी अडचणी विचारीत आणि कर्वे त्यांना शास्त्राला धरून उत्तरे देत. त्या उत्तरांवरच १९३४ साली अश्लीलतेचा खटला भरला गेला. तेव्हा कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लैंगिक प्रश्नांवर शास्त्रीय माहिती देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही बाजू बाबासाहेबांनी भर कोर्टात मांडली. आपण मात्र अजून घरातल्या घरात कुजबुजतो.

आता एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नवरा रात्रपाळीचा, बायको कपडे शिवण्याच्या कारखान्यात. दहा बाय बाराची खोली, दोन मुले आणि सासूबाई. धाकट्या मुलानंतर दोन वर्षे ती नवऱ्याला जवळ येऊ देत नव्हती. ‘हिचे बाहेर कोणीतरी आहे’ असा बोभाटा झाला आणि तिला माहेरी धाडण्यासाठी बैठक बोलावली गेली. आम्ही एवढेच म्हटले, ‘आधी डॉक्टरला दाखवा, मग बैठक घ्या.’ सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. अंगात रक्त फार कमी, थायरॉईडचा दोष आणि मनात उदासी. बाहेर कोणीही नव्हते. आत मात्र बाई पार थकून गेली होती.

इच्छा कमी होण्याची कारणे अशी अनेक असतात. मधुमेह, थायरॉईड, रक्तक्षय, बाळंतपणानंतरचे व अंगावर पाजण्याचे दिवस, पाळी जाण्याचा काळ. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर मन आपोआप मागे सरते. रक्तदाबाच्या व मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनीही इच्छा मंदावते. म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावी. दारूने जोर येतो हा गैरसमज आहे, रोजच्या दारूने उलट इच्छा आणि शक्ती दोन्ही जातात. याशिवाय कर्ज, अपुरी झोप, घरातला अपमान आणि लहानपणी झालेला अत्याचार ही कारणेही असतात. हे फक्त बायकांचेच असते असेही नाही. पुरुषांचेही होते. पण पुरुष लाजेपोटी उशिरा घरी येतो आणि बायकोला वाटते, याचे बाहेर काही आहे.

चांगला समुपदेशक काय करतो, तेही समजून घ्या. तो दोघांना एकत्र भेटतो आणि एकेकट्यालाही भेटतो, कारण काही गोष्टी जोडीदारासमोर बोलता येत नाहीत. हे पहिल्यापासून आहे की अमुक वेळेपासून, दुखते का, मारहाण आहे का, हे तो विचारतो. घरात मारहाण असेल तर जोडीने करायचे उपाय बाजूला ठेवून आधी सुरक्षिततेचे पाहतो. आणि दोघांत गुन्हेगार कोण हे शोधत बसत नाही. एकाला दोन भाकरींची भूक आणि दुसऱ्याला अर्धीची, म्हणून अर्धीवाला आजारी ठरत नाही. मानसोपचाराच्या ग्रंथांतही नुसत्या कमी इच्छेला आजार म्हणत नाहीत. ती निदान सहा महिने टिकलेली असावी आणि त्या व्यक्तीला स्वतःला तिचा त्रास होत असावा, असे पाहिले जाते.

अमेरिकेत मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने १९७० साली एक पद्धत पुस्तकरूपाने मांडली. समुपदेशक आजही ती वापरतात. त्यात सुरुवातीला काही आठवडे संबंध ठेवायचाच नाही, असे दोघांनी ठरवायचे. फक्त हात, पाठ, डोके यांना मायेचा स्पर्श करायचा आणि काय बरे वाटते ते एकमेकांना सांगायचे. मग पायरीपायरीने पुढे जायचे. पुढे काही मागितले जाणार नाही याची खात्री पटली की अंगाचा धसका जातो. त्याच दशकात हेलन सिंगर कॅप्लान यांनी इच्छेची अडचण ही वेगळी गोष्ट आहे, हे दाखवून दिले. नंतर कॅनडातल्या रोझमेरी बॅसन यांनी २००० साली आणखी एक मुद्दा मांडला. लग्नाला बरीच वर्षे झाल्यावर पुष्कळ स्त्रियांना इच्छा आधी होत नाही, जवळीक सुखाची असेल तर ती नंतर जागी होते. म्हणजे आपणहून इच्छा होत नाही याचा अर्थ प्रेम आटले असा नव्हे. पण याचा अर्थ जबरदस्तीने सुरुवात करावी असाही कोणी काढू नये. सुरुवातीलाही तिची राजीखुशी हवीच, आणि मध्येच नको वाटले तर तिथेच थांबायचे.

त्या जोडप्याचे पुढे काय झाले? औषधाने बाईचे रक्त वाढले, झोप लागू लागली. नवरा सकाळी पाणी भरू लागला, मुलांना शाळेत सोडू लागला. सासूबाई आठवड्यातून एक दिवस नातवंडांना घेऊन लेकीकडे राहायला जाऊ लागल्या. या गोष्टीचे मोल कुठल्याही गोळीपेक्षा कमी नाही. एका खोलीच्या संसारात एकांत हीच मोठी टंचाई असते. सगळे पहिल्यासारखे झाले असे आम्ही म्हणणार नाही. आजही कधी ती नको म्हणते. पण तो आता ते ऐकून घेतो, आणि बैठकीची गरज राहिली नाही.

बांधवांनो, लग्न झाले म्हणून बायकोचे शरीर आपल्या मालकीचे होत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात लैंगिक छळ हासुद्धा हिंसाचार मानला आहे. आणि भगिनींनो, नवऱ्याची इच्छा मावळली तर त्याला चारचौघांत हिणवू नका, डॉक्टरकडे जाताना त्याच्या सोबत जा.

शेवटी पैशाचे. आम्ही कारकून माणसे, हिशेब पाहिल्याशिवाय राहवत नाही. स्टेशनबाहेरच्या भिंतीवर ‘ताकद वाढवा, गुप्त रोग बरा करा’ असे रंगवलेले असते. तिथे महिन्याचा पगार जातो आणि पुडीत काय आहे ते कोणी सांगत नाही. कामशक्ती वाढविण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. जो जाहिरातीतच कायदा मोडतो, तो औषधात काय खरे देणार? त्यापेक्षा सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढा. आधी साखर, रक्त, थायरॉईड तपासा, मग मानसोपचार विभागात जा. तिथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. घरून बोलायचे असेल तर २०२२ पासून सुरू झालेली सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. ती विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते.

तेव्हा या रविवारी मुले खेळायला गेली की दोघांनी एकमेकांना एकच विचारा, ‘तुला काय त्रास होतो?’ आणि उत्तर मध्येच न तोडता पुरते ऐका.